बेंझीनचा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा: बडोद्यातील नव्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

बडोद्यात राहून रसायनशास्त्र शिकणाऱ्याला बेंझीनचा पत्ता फार दूर शोधावा लागत नाही. कोयलीच्या गुजरात रिफायनरीत ते तयार होते आणि तिथेच त्यापासून धुण्याच्या पावडरीसाठी लागणारे लिनियर अल्किल बेंझीनही बनते; फर्टिलायझरनगरच्या जी.एस.एफ.सी. (गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स) कारखान्यात बेंझीनपासून सुरुवात करून नायलॉनसाठीचे कॅप्रोलॅक्टम तयार केले जाते. त्याच्याही पुष्कळ आधी, १८९० साली, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कलाभवनात रंगाईचे शास्त्र शिकवले जाऊ लागले होते, आणि त्या काळातले नवे कृत्रिम रंग म्हणजे बहुतांशी बेंझीन व त्याच्या भाऊबंदांपासून काढलेली रसायने होती. असे असूनही बारावी ओलांडून सायन्स फॅकल्टीच्या पहिल्या वर्गात बसलेला विद्यार्थी पुष्कळदा बेंझीनच्या अभिक्रियांची यादी पाठ करण्यापासून सुरुवात करतो, आणि चौथ्या-पाचव्या अभिक्रियेनंतर कोणत्या आम्लाबरोबर कोणता उत्प्रेरक याचा घोळ सुरू होतो. माझ्या मते दोष स्मरणशक्तीचा नसून क्रमाचा आहे. स्थैर्याचा आकडा आधी हातात आला, तर बहुतेक अभिक्रिया त्या आकड्यापासून तर्काने काढता येतात. म्हणून पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: सूत्रातली अडचण ओळखावी

वहीच्या पहिल्या पानावर हेक्झेन आणि बेंझीन यांची सूत्रे शेजारी शेजारी लिहावीत. सहा कार्बनच्या सरळ साखळीला संपृक्त होण्यासाठी चौदा हायड्रोजन लागतात. बेंझीनमध्ये कार्बन तितकेच, पण हायड्रोजन फक्त सहा आहेत. आठ हायड्रोजन कमी, म्हणजे दर दोन हायड्रोजनांमागे एक या हिशेबाने असंपृक्ततेच्या चार मात्रा. इतक्या असंपृक्त संयुगाने ब्रोमीनचे पाणी पाहता पाहता रंगहीन करावे आणि पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा रंग घालवावा, अशी अपेक्षा कोणीही करील. बेंझीन यांपैकी काहीच करत नाही. मायकेल फॅराडे यांनी १८२५ साली दिव्याच्या वायूच्या टाक्यांत साचणाऱ्या तेलकट अवशेषातून हा द्रव वेगळा काढला, त्यानंतरची चाळीस वर्षे रसायनशास्त्रज्ञांना याच विसंगतीने छळले.

दुसरा पुरावा समघटकांच्या संख्येचा आहे आणि तो स्वतः आकृती काढून पडताळावा. बेंझीनमधील एक हायड्रोजन काढून तिथे ब्रोमीन बसवला, तर एकच ब्रोमोबेंझीन मिळते, म्हणून सहाही जागा समान असल्या पाहिजेत. दोन ब्रोमीन बसवले, तर तीन समघटक मिळतात: ऑर्थो (शेजारी शेजारी), मेटा (एक जागा सोडून) आणि पॅरा (समोरासमोर). जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी १८६५ मध्ये मांडलेले, एकाआड एक दुहेरी बंध असलेले षट्कोनी कडे या दोन्ही गोष्टींशी जवळजवळ जुळते. मात्र दुहेरी बंध जागच्या जागी पक्के असते, तर ऑर्थो-डायब्रोमोबेंझीनचे दोन प्रकार मिळायला हवे होते, कारण एकात दोन ब्रोमीनच्या मधला बंध दुहेरी असता आणि दुसऱ्यात एकेरी. असे दोन प्रकार कधीच सापडले नाहीत. ही अडचण दूर करण्यासाठी केकुले यांनी १८७२ मध्ये बंध सतत जागा बदलतात अशी कल्पना मांडली. ती आज जशीच्या तशी मान्य नाही, पण ती कशासाठी मांडावी लागली हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. स्वतःचे शेपूट तोंडात धरलेल्या सापाच्या स्वप्नाची कथा केकुले यांनी स्वतःच बेंझीनच्या रचनेच्या गौरवासाठी झालेल्या १८९० च्या समारंभात, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षांनंतर सांगितली. परीक्षेत तिला गुण नाहीत.

दुसरी पायरी: रचना मापांतून समजून घ्यावी

तीन मापे लक्षात ठेवावीत. साधारण एकेरी कार्बन-कार्बन बंधाची लांबी १५४ पिकोमीटर, दुहेरी बंधाची १३४ पिकोमीटर आणि बेंझीनमधील प्रत्येक बंधाची सुमारे १३९ पिकोमीटर. म्हणजे सहाही बंध एकसारखे असून ते एकेरीही नाहीत आणि दुहेरीही नाहीत. कोन सर्वत्र १२० अंशांचे आणि बाराही अणू एकाच प्रतलात आहेत. कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये हेक्झामेथिलबेंझीनच्या स्फटिकावर क्ष-किरणांचे प्रयोग करून कडे सपाट असल्याचे दाखवून दिले, तेव्हा हा वाद खऱ्या अर्थाने मिटला.

प्रत्येक कार्बन एसपी-टू (sp²) संकरित आहे, म्हणजे त्याचे एक एस आणि दोन पी कक्षके मिसळून तीन समान कक्षके झाली आहेत. त्याची तीन संकरित कक्षके दोन शेजारी कार्बन आणि एक हायड्रोजन यांच्याशी सिग्मा बंध करण्यात खर्च होतात, आणि प्रतलाला लंब असलेले एक पी कक्षक एका इलेक्ट्रॉनसह उरते. अशी सहा पी कक्षके दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी सारखीच मिसळतात, त्यामुळे सहा पाय (π) इलेक्ट्रॉनांचा ढग कड्याच्या वर आणि खाली सलग पसरतो. पुढे जे काही घडते, ते या ढगामुळे घडते.

इथे रेझोनन्सबद्दलचा, म्हणजे एकच रेणू एकाहून अधिक आकृत्यांनी दाखवण्याबद्दलचा, एक गैरसमज वेळीच दूर करावा. केकुलेच्या दोन आकृत्यांमध्ये रेणू मागेपुढे होत नाही. रेणू एकच आहे आणि आपल्या चित्रलेखनाच्या पद्धतीत तो एका आकृतीत मावत नाही, म्हणून दोन काढाव्या लागतात. त्यांच्यामध्ये दोन्ही टोकांना अणकुची असलेला एकच बाण काढायचा असतो. समतोल दाखवणारे दोन उलटसुलट बाण काढले तर अर्थ पूर्ण बदलतो, आणि तपासणारे शिक्षक ही चूक सहसा सोडत नाहीत.

षट्कोनात वर्तुळ काढावे की तीन रेघा, असाही प्रश्न येतो. वर्तुळ दिसायला सुबक आहे, पण त्यात इलेक्ट्रॉन मोजता येत नाहीत. अभिक्रियेची यंत्रणा लिहिताना नेहमी तीन दुहेरी बंधांची आकृतीच वापरावी, असा माझा आग्रह आहे.

तिसरी पायरी: स्थैर्याचा हिशेब स्वतः करावा

या विषयातली सर्वांत मोलाची पायरी हीच आहे, त्यामुळे घाई करू नये. सायक्लोहेक्झीनमध्ये एक दुहेरी बंध असतो. त्यात हायड्रोजन मिळवून सायक्लोहेक्झेन केले की प्रति मोल सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. १,३-सायक्लोहेक्झाडाईनमध्ये दोन दुहेरी बंध असतात. त्याचा आकडा सुमारे २३२ आहे, म्हणजे दुपटीच्या, २४० च्या, जवळच. आता बेंझीनमध्ये तीन साधे दुहेरी बंध आहेत असे मानले, तर ३६० किलोज्यूल मिळायला हवेत. प्रत्यक्षात मिळतात सुमारे २०८. उरलेले १५२ किलोज्यूल बाहेर पडतच नाहीत, याचा अर्थ बेंझीन मुळातच तितक्या खालच्या ऊर्जापातळीवर बसलेले होते. या फरकाला रेझोनन्स ऊर्जा म्हणतात. अस्तित्वात नसलेल्या एका काल्पनिक रेणूशी केलेली ही तुलना आहे, त्यामुळे निरनिराळ्या पुस्तकांत १५० किंवा १५२ असा थोडा वेगळा आकडा दिसला तर गोंधळून जाऊ नये.

याच आकड्यांतून आणखी एक निष्कर्ष निघतो, जो वर्गात बहुधा राहून जातो. बेंझीनमध्ये हायड्रोजनचा फक्त एक रेणू मिळवून सायक्लोहेक्झाडाईनपर्यंत यायचे ठरवले, तर ऊर्जेचा फरक २३२ वजा २०८, म्हणजे २४ किलोज्यूल निघतो, आणि ही ऊर्जा बाहेर पडत नाही, तर ती घालावी लागते. एरवी दुहेरी बंधात हायड्रोजन मिळवणे हे उतारावरचे काम असते. बेंझीनच्या बाबतीत पहिलाच टप्पा चढाचा आहे. म्हणूनच निकेलच्या उपस्थितीत जास्त तापमान आणि दाब द्यावा लागतो, आणि एकदा कड्याचे स्थैर्य मोडले की मधले पदार्थ बेंझीनपेक्षा जलद हायड्रोजन घेत थेट सायक्लोहेक्झेनवर जाऊन थांबतात. कॅप्रोलॅक्टमचा मार्ग याच सायक्लोहेक्झेनमधून जातो: त्याचे ऑक्सिडेशन करून सायक्लोहेक्झेनोन, त्याचे ऑक्झाइम आणि त्यावर बेकमन पुनर्रचना.

चौथी पायरी: हकेलचा नियम, थोडक्यात

हे स्थैर्य कोणाला मिळते? कडे बंद असावे, सपाट असावे, प्रत्येक अणूपाशी पी कक्षक असावे आणि पाय इलेक्ट्रॉनांची संख्या चार एन अधिक दोन या सूत्रात बसावी. यात एन म्हणजे शून्य किंवा कोणताही धन पूर्णांक. एरिक हकेल यांनी १९३१ मध्ये बेंझीनचे जे गणित मांडले, त्यावर हा नियम उभा आहे. सायक्लोऑक्टाटेट्राईनमध्ये आठ पाय इलेक्ट्रॉन असतात, ते सपाट राहतच नाही आणि साध्या अल्कीनप्रमाणे (दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनप्रमाणे) ब्रोमीन मिळवून घेते. पिरिडीनमध्ये नायट्रोजनवरील एकाकी इलेक्ट्रॉनजोडी कड्याच्या प्रतलात असल्याने मोजायची नाही, पिरोलमध्ये मात्र ती मोजायची. या एका फरकावर दरवर्षी प्रश्न येतात.

पाचवी पायरी: एकच यंत्रणा, पण पक्की

बेंझीनच्या नेहमीच्या अभिक्रिया इलेक्ट्रोफाइलने (इलेक्ट्रॉन हवे असलेल्या घटकाने) केलेल्या प्रतिस्थापनाच्या, म्हणजे हायड्रोजनच्या जागी दुसरा गट बसण्याच्या, असतात आणि त्या सर्वांची यंत्रणा एकच आहे. पहिल्या टप्प्यात कड्याचे दोन पाय इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोफाइलला पकडतात. ज्या कार्बनवर तो बसला, तो एसपी-थ्री होतो, कड्यातली सलगता तुटते आणि धन प्रभार उरलेल्या पाच कार्बनांवर पसरतो. आकृत्या काढल्यास तो हल्ल्याच्या जागेपासून ऑर्थो, पॅरा आणि पुन्हा ऑर्थो अशा तीन जागी दिसतो. या मध्यवर्ती आयनाला सिग्मा कॉम्प्लेक्स म्हणतात. स्थैर्य गमवावे लागत असल्याने हा टप्पा मंद असतो. दुसऱ्या टप्प्यात त्याच कार्बनवरचा हायड्रोजन प्रोटॉन होऊन निघून जातो आणि कडे पूर्ववत होते. बेंझीनच्या हायड्रोजनांऐवजी ड्यूटेरियम घातले तरी नायट्रेशनचा वेग जवळजवळ बदलत नाही, यावरून कार्बन-हायड्रोजन बंध तुटणे हा मंद टप्पा नाही हे सिद्ध होते.

दुसऱ्या टप्प्यात अल्कीनप्रमाणे एखादा ऋण आयन येऊन का चिकटत नाही, असे कोणी विचारले तर तिसऱ्या पायरीतला १५२ चा आकडा दाखवावा. चिकटला तर ते स्थैर्य परत मिळत नाही. प्रोटॉन सोडला तर मिळते.

सहावी पायरी: प्रत्येक अभिक्रियेला दोन प्रश्न विचारावेत

इलेक्ट्रोफाइल कोण, आणि तो कसा तयार झाला? एवढे समजले की उरलेले सर्व पाचव्या पायरीत आलेलेच आहे.

नायट्रेशनमध्ये संहत नायट्रिक आणि संहत सल्फ्युरिक आम्लांचे मिश्रण ५० ते ६० अंश सेल्सिअसवर वापरतात. सल्फ्युरिक आम्ल नायट्रिक आम्लाला प्रोटॉन देते, त्यातून पाणी निघून जाते आणि नायट्रोनियम आयन उरतो. म्हणजे इथे नायट्रिक आम्ल चक्क आम्लारीचे काम करते. ब्रोमिनेशनमध्ये ब्रोमीनचा रेणू एकटा पुरेसा जोरकस नसतो, म्हणून फेरिक ब्रोमाइड त्याला ध्रुवित करते. आयोडिनेशन उलट फिरू शकते, त्यामुळे नायट्रिक आम्लासारखे ऑक्सिडीकारक लागते, तर फ्लोरीन इतका दाहक आहे की ही वाट त्याच्या कामाची नाही.

सल्फोनेशनमध्ये सल्फर ट्रायऑक्साइड हा इलेक्ट्रोफाइल असून ही अभिक्रिया उलटवता येते. सौम्य आम्ल आणि वाफ दिली की सल्फोनिक गट निघून जातो, म्हणून एखादी जागा तात्पुरती अडवून ठेवण्यासाठी तो उपयोगी पडतो. दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेल्या बेंझीनमधील थायोफीनही याच अभिक्रियेने वेगळे करता येते, कारण ते बेंझीनपेक्षा लवकर सल्फोनेट होते. थायोफीनचा शोधही मोठा गमतीशीर आहे: व्हिक्टर मायर यांनी बेंझॉइक आम्लापासून बनवलेले शुद्ध बेंझीन घेऊन वर्गात बेंझीनची एक प्रचलित रंगपरीक्षा दाखवायला घेतली आणि ती फसली, तेव्हा त्या परीक्षेत दिसणारा निळा रंग बेंझीनचा नसून त्यातल्या भेसळीचा होता हे उघड झाले.

फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रिया १८७७ पासूनची आहे आणि तिच्याकडे जरा सावकाश पाहावे. अल्किल हॅलाइड आणि निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड यांच्यापासून कार्बोकॅटायन (कार्बनवर धन प्रभार असलेला आयन) किंवा त्यासारखा घटक तयार होतो. इथे तीन धोके आहेत. कार्बोकॅटायन अधिक स्थिर रूपात बदलतो, त्यामुळे १-क्लोरोप्रोपेन वापरले तरी मुख्यतः आयसोप्रोपिलबेंझीन हाती येते. एक अल्किल गट बसला की कडे अधिक क्रियाशील होते आणि दुसराही बसतो. म्हणून बेंझीन भरपूर जास्त घ्यावे लागते. आणि नायट्रोबेंझीनसारख्या निष्क्रिय कड्यावर ही अभिक्रिया होतच नाही. ॲसायलेशनमध्ये, म्हणजे अल्किल हॅलाइडऐवजी ॲसिल क्लोराइड वापरल्यास, पहिले दोन धोके नसतात, कारण ॲसिलियम आयन पुनर्रचित होत नाही आणि तयार झालेला कीटोन कड्याला मंद करतो. मात्र तो कीटोन ॲल्युमिनियम क्लोराइडला धरून ठेवतो, म्हणून ते एका मोलपेक्षा थोडे जास्तच घालावे लागते.

कोयलीतले लिनियर अल्किल बेंझीन हे या साऱ्याचे उत्तम उदाहरण आहे. लांब सरळ साखळीचे ओलेफिन (अल्कीन) आणि बेंझीन यांची आम्ल उत्प्रेरकाच्या साहाय्याने अभिक्रिया होते. साखळीच्या टोकाच्या कार्बनवर प्राथमिक कार्बोकॅटायन टिकणे अवघड असल्याने बेंझीनचे कडे टोकाला न बसता आतल्या कार्बनांवर बसते आणि समघटकांचे मिश्रण तयार होते. पुढे त्याचे सल्फोनेशन करून सोड्याने उदासीनीकरण केले की धुण्याच्या पावडरीतला क्रियाशील घटक मिळतो. या पायरीतल्या दोन अभिक्रिया अशा रीतीने आपल्या मोरीत रोज हजर असतात.

सातवी पायरी: दुसरा गट कुठे जाईल

यासाठी गटांची यादी पाठ करण्याआधी टोल्यूईन (मेथिल गट लागलेले बेंझीन) आणि नायट्रोबेंझीन यांच्या सिग्मा कॉम्प्लेक्सच्या आकृत्या काढाव्यात. टोल्यूईनमध्ये ऑर्थो किंवा पॅरा हल्ल्यात एका आकृतीत धन प्रभार थेट कड्याच्या ज्या कार्बनला मेथिल गट जोडलेला आहे त्या कार्बनवर येतो आणि मेथिल गट त्याला आधार देतो. मेटा हल्ल्यात तो तिथे येतच नाही. टोल्यूईनचे नायट्रेशन बेंझीनपेक्षा सुमारे २५ पट वेगाने होते आणि त्यात सुमारे ५९ टक्के ऑर्थो, ३७ टक्के पॅरा आणि ४ टक्के मेटा मिळते. नायट्रोबेंझीनमध्ये त्याच आकृतीत धन प्रभारासमोर धन प्रभाराचा नायट्रोजन येतो, म्हणून ऑर्थो-पॅरा वाटा महाग पडतात आणि सुमारे ९३ टक्के पदार्थ मेटा असतो.

हॅलोजन गट कड्याला मंद करतात, पण दिशा ऑर्थो-पॅरा देतात, कारण ते सिग्मा बंधातून इलेक्ट्रॉन ओढतात आणि एकाकी जोडीने परत देतात. ॲनिलीनबाबत, म्हणजे अमिनो गट लागलेल्या बेंझीनबाबत, विशेष सावध राहावे. ते तीव्र आम्लात ॲनिलिनियम आयन बनते, त्यामुळे थेट नायट्रेशनमध्ये अपेक्षेविरुद्ध मेटा पदार्थही मोठ्या प्रमाणात मिळतो. म्हणून आधी ॲसिटॅनिलाइड करून घेतात.

प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी

बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून निश्चित झालेल्या पदार्थांत ठेवले आहे. भारतात पेट्रोलमधील बेंझीनची मर्यादाही आकारमानाने १ टक्का इतकी ठेवली आहे. त्याचा उत्कलनांक ८०.१ अंश असल्याने बडोद्याच्या मे महिन्यात उघड्या बाटलीतून त्याची वाफ भराभर बाहेर येते. द्रावक म्हणून टोल्यूईन चालत असेल तर तेच घ्यावे, आणि नायट्रेशन शिकण्यासाठी ॲसिटॅनिलाइड पुरेसे आहे.

शेवटची पायरी: क्रम ठरवण्याचा सराव

एकाच बेंझीनपासून दोन गट बसवायचे असतील तर कोणता आधी, हे ठरवता येणे ही खरी कसोटी. पॅरा-नायट्रोबेंझॉइक आम्ल हवे असेल तर टोल्यूईनचे आधी नायट्रेशन करावे, पॅरा समघटक वेगळा काढावा आणि मग मेथिल गटाचे परमँगनेटने ऑक्सिडेशन करावे. मेटा आम्ल हवे असेल तर क्रम उलटा करावा. कड्याला लागून असलेल्या कार्बनवर किमान एक हायड्रोजन असेल तरच हे ऑक्सिडेशन होते, त्यामुळे टर्शरी-ब्यूटिलबेंझीन त्यातून सुटते.

आता थोडे अवघड उदाहरण: बेंझीनपासून मेटा-प्रोपिलॲनिलीन. प्रोपिल आणि अमिनो हे दोन्ही गट ऑर्थो-पॅरा दिशा देणारे असून पदार्थात ते एकमेकांना मेटा हवे आहेत, त्यामुळे दोहोंपैकी कोणताही थेट बसवून काम होणार नाही. म्हणून प्रोपॅनॉइल क्लोराइडने ॲसायलेशन करावे. यात पुनर्रचनेचा धोका टळतो आणि कड्यावर मेटा दिशा देणारा कीटोन गट येतो. त्यानंतर नायट्रेशन करून नायट्रो गट मेटा जागी बसवावा. शेवटी जस्त-पारा आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्लाने क्लेमेन्सन रिडक्शन केले की कीटोनचा प्रोपिल आणि नायट्रोचा अमिनो गट एकाच भांड्यात होतो, आणि आम्लात मीठ होऊन राहिलेले ॲनिलीन अल्कलीने मोकळे करून घेता येते. हेच नायट्रेशनपासून सुरू केले असते, तर नायट्रोबेंझीनवर फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रिया झाली नसती आणि गाडी दुसऱ्याच टप्प्यावर अडकली असती.